सर्व्हर भरला म्हणून जुने फोटो उडवायचे का?

प्रश्न थोडक्यात असा. दापोली परिसरातल्या हौशी निसर्गनिरीक्षकांचा एक गट आहे. पक्षी, फुलपाखरं, किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, पावसाळी फुलं, जे दिसेल त्याचा फोटो किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण सभासद गटाच्या सर्व्हरवर चढवतात. सगळं वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरवर, चालतं. भाड्याचा छोटा लिनक्स सर्व्हर, 40 जीबी डिस्क, त्यातली 37 जीबी भरली. फोटोंचं फोल्डर 17 जीबी, बॅकअपचं 9. गेल्या हिवाळ्यात महिन्याला साधारण 1 जीबी भर पडत होती. वर्गणीतून मोठा सर्व्हर परवडत नाही. गटात दोन मतं पडलीत: 2019 आधीचे फोटो काढून टाकावेत, किंवा जे सभासद आता फिरकत नाहीत त्यांचे काढावेत. यातलं कुठलं बरं?

कुठलंच नाही. रत्नागिरीत बसून असे छोटे सर्व्हर सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि हौशी गटांच्या सर्व्हरवर जागा खातात त्या प्रती. एकाच फोटोच्या सात-आठ प्रती, त्या प्रतींचे बॅकअप, आणि कोण काय करून गेलं याच्या महिनोन् महिने साठलेल्या लॉग फाइली. मूळ नोंद बिचारी कोपऱ्यात बसलेली असते, आणि डिस्क भरली की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. तुमच्याच आकड्यांवरून दाखवतो.

आधी एक वाईट बातमी. 37 भरली म्हणजे 3 जीबी शिल्लक, असं तुम्ही धरलंय. ते खरं नसावं. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी4 फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) डिस्कचा 5 टक्के भाग रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापक-खात्यासाठी, राखून ठेवते. 40 जीबीवर तो 2 जीबी होतो. वेब सर्व्हर आणि डेटाबेस रूट म्हणून चालत नाहीत, म्हणजे त्यांच्या वाट्याला उरलाय जेमतेम 1 जीबी. 'डीएफ' ही डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा देऊन 'वापरलेली' हा रकाना बघू नका, 'उपलब्ध' हा बघा. तोच आकडा खरा.

डिस्क पूर्ण भरली की सर्व्हर ठप्प होतो असंही नाही, तो वेड्यासारखा वागायला लागतो. फोटो चढतो पण त्याची लहान प्रत तयार होत नाही. लॉगिनची नोंद लिहिता न आल्यामुळे लॉगिन केलेला माणूस पुन्हा पुन्हा बाहेर फेकला जातो आणि पासवर्ड चुकला असं समजून तो बदलत बसतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस तर जागा कधी मिळते याची वाट बघत थांबून राहतो, मिनिटाला एकदा तपासतो, आणि तोवर सगळं लटकलेलं. लोकांना वाटतं नेट गेलं. आपल्याकडे ते एरवीही जातंच, त्यामुळे खरं कारण कळायला आणखी उशीर.

आता हिशेब. 37 मधून फोटोंचे 17 आणि बॅकअपचे 9 वजा केले की 11 उरतात. लिनक्स, वेब सर्व्हर, पीएचपी, वर्डप्रेस आणि त्याची प्लगइनं (जोडसाधनं) मिळून 4 ते 5 जीबी धरा. डेटाबेस तुमच्या आकाराच्या गटाचा 1 जीबीच्या वर सहसा जात नाही. मग आणखी 5 जीबी कुठे गेले?

दोन जागी बघा. पहिली म्हणजे सिस्टीमचं जर्नल, सर्व्हरवर जे जे घडतं त्याची नोंदवही. मर्यादा घातली नसेल तर ते डिस्कच्या 10 टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त 4 जीबीपर्यंत वाढतं. तुमच्या 40 जीबी डिस्कवर हे दोन्ही आकडे नेमके एकच येतात, 4 जीबी. तुमचे निम्म्याहून जास्त हरवलेले जीबी इथेच सापडतील असा माझा अंदाज आहे. जगभरचे बॉट दिवसरात्र तुमच्या सर्व्हरच्या दारावर चुकीचे पासवर्ड मारत असतात आणि प्रत्येक धडकेची ओळ इमानेइतबारे लिहिली जाते. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेला व्हॅक्यूम, म्हणजे जुन्या ओळींची सफाई, करायला सांगा, 200 एमबीची मर्यादा द्या, आणि तीच मर्यादा कायमची सेटिंगमध्येही घाला. नाहीतर वर्षभराने पुन्हा तेच.

दुसरी जागा डेटाबेसचे बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमध्ये झालेल्या बदलांची नोंद. मायएसक्यूएलच्या 8 व्या आवृत्तीपासून ते आपोआप चालू असतात आणि 30 दिवसांचे साठवले जातात. ते मुख्यतः उपयोगी पडतात दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेसची जुळी प्रत चालवणाऱ्यांना. तुमच्याकडे तसं काही नाही, 3 दिवस पुष्कळ झाले. पण त्या फाइली फोल्डरमध्ये जाऊन हाताने पुसू नका. डेटाबेसच्या आत शिरून 'पर्ज बायनरी लॉग्स' म्हणा, म्हणजे त्याची यादी आणि डिस्क यांचा मेळ राहतो. मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी हा डेटाबेस वापरत असाल तर हा प्रश्नच नाही, तिथे हे लॉग मुळात बंद असतात.

एक चकवा सांगून ठेवतो, कारण यात नवखी माणसं तासन् तास अडकतात. मोठी लॉग फाइल उडवली तरी 'डीएफ'चा आकडा जागचा हलत नाही. कारण एखादा चालू कार्यक्रम ती फाइल अजून उघडी धरून बसलेला असतो. नाव गेलं, जागा नाही गेली. 'एलएसओएफ' या आज्ञेला विचारलं की कोण धरून बसलंय ते कळतं. त्या सेवेला रीस्टार्ट द्या, जागा लगेच सुटते.

आता बॅकअपचं फोल्डर. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. फोटो 17 जीबी, बॅकअप 9 जीबी. जेपेग फाइली आधीच दाबून बसवलेल्या असतात, झिप केल्याने त्या जवळपास कमी होत नाहीत. म्हणजे 17 जीबी फोटोंचा बॅकअप 9 जीबीत मावूच शकत नाही. अर्थ काय? एकतर ती झिप जुनी आहे, फोटो निम्मे होते तेव्हाची, किंवा प्लगइन अर्ध्यावर मेलं आणि तुटकी फाइल तशीच पडून आहे, किंवा त्यात नुसते डेटाबेसचे ढीगभर बॅकअप आहेत आणि फोटो नाहीतच. तिन्हीपैकी काहीही असो, तुमच्याकडे आज पूर्ण बॅकअप नाही. आणि जो आहे तो त्याच डिस्कवर आहे, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेलं.

म्हणून साफसफाईच्या आधी सगळे फोटो आणि डेटाबेस सर्व्हरच्या बाहेर उतरवून घ्या. 10 एमबीपीएसची लाइन असेल तर 17 जीबीला चार तास लागतील. 'आरसिंक' हा फाइली उतरवण्याचा कार्यक्रम वापरा. मध्येच लाइट गेली तरी पुन्हा चालू केल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे जातं, ब्राउझरमधून झिप उतरवायला घेतलीत तर प्रत्येक वेळी श्रीगणेशा. उतरवून झालं, चार-पाच फोटो उघडून बघितले, डेटाबेसची फाइल शेवटपर्यंत नीट आहे याची खात्री केली, की मग ते 9 जीबी निर्धास्त उडवा.

लॉगचे 4 आणि बॅकअपचे 9, झाले 13 जीबी. अजून एकाही फोटोला हात लावलेला नाही.

आता फोटोंकडे येऊ. एखाद्या सभासदाने सुपारीच्या बागेत बसलेल्या धनेशाचा मोबाइलवर फोटो काढला. 12 मेगापिक्सेल, 4000 बाय 3000, फाइल साधारण साडेचार एमबी. तो चढवला की वर्डप्रेस त्याच्या 150, 300, 768, 1024, 1536, 2048 आणि 2560 पिक्सेलच्या प्रती बनवतं, आणि मूळही ठेवून देतं. आठ फाइली. थीमने स्वतःचे आकार जोडले असतील तर दहा-बारा. या सगळ्या प्रती मिळून दोन-अडीच एमबी होतात. म्हणजे एक धनेश सात एमबीला पडला. आणि पाहणाऱ्याच्या पडद्यावर बहुतेक वेळा दिसते ती 1024 ची प्रत, दोनशे केबीची.

इथे दोन कामं करायची. पहिलं, न लागणारे आकार बंद करणं. 150, 300, 1024 आणि एक मोठी प्रत, एवढं बस होतं. आकार बंद केले म्हणून जुन्या प्रती आपोआप जात नाहीत, त्यांच्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या आज्ञा-साधनात प्रती पुन्हा बनवण्याची आज्ञा आहे, तिला अनोळखी आकार काढून टाक असंही सांगता येतं. दुसरं, साडेचार एमबीची मूळ फाइल सर्व्हरवरून हलवणं.

हलवताना एक खाच आहे, आणि ती नेमकी तुमच्या 2019 वाल्या वादात येऊन बसते. मोठ्या फोटोची 2560 ची प्रत बनवून तीच मुख्य म्हणून दाखवण्याची पद्धत वर्डप्रेसच्या 5.3 आवृत्तीत, नोव्हेंबर 2019 मध्ये आली. त्यानंतरच्या फोटोंची मूळ फाइल बाजूला काढली तर पानावर काही बिघडत नाही, कारण पान मूळ फाइलीला विचारतच नाही. त्याआधीच्या फोटोंची मूळ फाइल हीच मुख्य फाइल आहे. ती हलवलीत की फोटोच्या जागी रिकामी चौकट येईल. त्यांची मूळ बाहेर सुरक्षित ठेवा आणि सर्व्हरवर त्याच नावाने, त्याच जागी, 2048 ची लहान केलेली फाइल बसवा. इमेजमॅजिक या फोटो लहान करणाऱ्या साधनाने हे एका रात्रीत होतं. आधी वीस-पंचवीस फोटोंच्या वेगळ्या फोल्डरवर करून बघा.

एवढं केलंत तर 17 पैकी 8 ते 10 जीबी मोकळे होतील.

2048 पुरतात का? आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ जगभरातून आलेले फोटो 2048 पिक्सेलवर आणूनच ठेवतं आणि त्यावर तज्ज्ञ प्रजाती ओळखतात. तेव्हा आकार पुरतो. पण तो पुरण्याची एक अट आहे, आणि ती सभासदांना समजावण्यात जितका वेळ घालवाल तितका थोडा.

हर्णैला मासळीचा लिलाव चालू असताना पाण्यावर कुरवांचा (सीगलांचा) थवा बसलेला असतो. कोणीतरी किनाऱ्यावरून झूम लावून फोटो घेतं. 4000 पिक्सेल रुंद चौकट, त्यात ज्याच्याबद्दल प्रश्न आहे तो कुरव चारशे पिक्सेलचा. उरलेल्या चौकटीत पाणी, होड्या, आभाळ. हा आख्खा फोटो 2048 वर आणला की कुरव दोनशे पिक्सेलचा राहतो. आता कुरवांची पिल्लावळ म्हणजे ओळखायला महाकर्मकठीण. पहिल्या हिवाळ्यातला पक्षी वेगळा दिसतो, दुसऱ्या हिवाळ्यातला वेगळा, आणि प्रजाती ठरते ती पंखाच्या टोकावरच्या पिसांच्या नक्षीवर, चोचीच्या जाडीवर, डोळ्याच्या रंगावर. दोनशे पिक्सेलमध्ये चोच म्हणजे चार ठिपके. तोच फोटो आधी पक्ष्याभोवती कापला असता तर कुरवाचे चारशेच्या चारशे पिक्सेल शाबूत राहिले असते आणि फाइल शंभर केबीच्या आसपास आली असती. साडेचार एमबीच्या मूळ फोटोत जेवढी माहिती कुरवाबद्दल आहे तेवढीच, सर्व्हरचा खर्च पाव एमबीसुद्धा नाही. म्हणून क्रम: आधी कापा, मग लहान करा. मोबाइलच्या गॅलरीत कापण्याची सोय प्रत्येकाकडे असते. अधिवास दाखवायचा असेल तर दुसरा, पूर्ण चौकटीचा फोटो खुशाल जोडा.

लहान करण्याचं काम मात्र सभासदांवर सोपवू नका. ब्राउझरमध्येच, चढवण्याआधी, फोटो 2048 वर आणणारी प्लगइनं मिळतात. यात सर्व्हरची जागा वाचतेच, पण सड्यावर उभं राहून एका काडीच्या नेटवर्कवर फोटो पाठवणाऱ्याचा डेटा आणि जीव दोन्ही वाचतात. आयफोनवाल्यांच्या एचईआयसी फाइली त्याच टप्प्यावर जेपेग करून घ्या, त्या सगळ्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत.

लहान करताना फोटोच्या पोटातली माहिती, म्हणजे एक्झिफ, पुसायची की ठेवायची यावर तुमच्या गटाने बसून ठरवायला हवं. त्याने जागा वाचत नाही, मुद्दा वेगळा आहे. मोबाइल त्यात अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. समुद्री गरुडाच्या घरट्याचा किंवा खवल्या मांजराच्या बिळाचा फोटो त्या माहितीसकट जगाला दाखवणं म्हणजे वाट दाखवणंच. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण 0.2 अंशांच्या चौकोनात, म्हणजे कोकणात वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात, मुद्दाम धूसर करतं. तुम्हीही अचूक ठिकाण डेटाबेसमध्ये ठेवा, सार्वजनिक प्रतीतून काढा. आणि पुसण्याआधी फोटो सरळ करून घ्या. उभा की आडवा हेही एक्झिफमध्येच असतं, नुसतं पुसलंत तर निम्मे बगळे आडवे झोपतील.

जुन्या ढिगात व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो पुष्कळ असणार. फाइलीच्या नावात 'डब्ल्यूए' आणि पुढे आकडा दिसला की समजायचं. ते आधीच पिळून निघालेले असतात, एक्झिफही गेलेलं असतं, त्यांना आणखी दाबण्यात अर्थ नाही. पण त्यात एकच फोटो तिघांनी चढवलेला सापडतो. फाइलींचे हॅश, म्हणजे आतल्या माहितीवरून निघणारे ठसे, काढून तंतोतंत सारख्या फाइली शोधता येतात. सापडल्या तरी लगेच उडवू नका, दोन वेगवेगळ्या नोंदी त्यांच्याकडे बोट दाखवत असतील.

आवाजांबद्दल. साध्या सीडी दर्जाची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला 10 एमबी खाते. मोबाइलवर घेतलेल्या पक्ष्याच्या आवाजाला स्टिरिओचा काही उपयोग नसतो, मोनो केली की निम्मी. पुढे फ्लॅक या प्रकारात बदलली तर दर्जा न घालवता आणखी कमी होते, एरवी निम्म्यावर येते. आपल्या किनाऱ्यावर तेवढी येत नाही, कारण मागे समुद्राची गाज किंवा पावसाचा मारा असतो. असा सलग खळखळाट फ्लॅकला दाबता येत नाही, त्याला नेमका आकार नसतो. म्हणून सर्व्हरवर ऐकण्यापुरती ओपस किंवा एमपी3 प्रकारची फाइल ठेवा, आवाज जिथे आहे तेवढी तीस सेकंदं कापून. चांगली मूळ रेकॉर्डिंग झेनो-कँटोवर द्या. 2005 पासून तिथे जगभरचे पक्ष्यांचे आवाज साठतायत, आणि तुमच्या सर्व्हरपेक्षा तिथे ते जास्त लोकांच्या उपयोगी पडतील.

व्हिडिओ सर्व्हरवर ठेवूच नका. मोबाइलचा एचडी व्हिडिओ मिनिटाला 60 ते 130 एमबी होतो. यूट्यूबवर चढवा, दुवा द्या, विषय संपला.

मजकुराला हात लावू नका. कोणीतरी सुचवेलच की जुन्या नोंदी आणि त्याखालच्या चर्चा काढल्या तर डेटाबेस हलका होईल. देवनागरी अक्षराला यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट लागतात. हजार अक्षरांची भरघोस नोंद 3 केबीची. एका धनेशाच्या साडेचार एमबीत अशा दीड हजार नोंदी मावतात. वर इनोडीबीमध्ये, म्हणजे मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवणपद्धतीत, ओळी पुसल्या तरी ती जागा डिस्कला परत मिळत नाही, टेबलच्या आत मोकळी पडून राहते. परत मिळवायची तर टेबल नव्याने बांधावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याची दुसरी पूर्ण प्रत मावेल इतकी जागा डिस्कवर लागते. 1 जीबी शिल्लक असताना हा प्रयोग कराल तर डिस्क तिथेच भरेल. फुगलेलं काही असेलच तर ते भेटींची आकडेवारी ठेवणाऱ्या एखाद्या प्लगइनचं टेबल असेल. ते प्लगइनच काढा.

आता तुमच्या दोन मतांबद्दल. 2019 आधीचे फोटो काढायला मी विरोध करतोय तो भावनेपोटी नाही. हौशी गटाकडे संशोधकांपेक्षा एक गोष्ट जास्त असते: त्याच जागेच्या, तशाच ऋतूतल्या, वर्षानुवर्षांच्या नोंदी. कुरव दरवर्षी कधी येतात, कातळावरचं अमुक फूल पूर्वी कुठवर दिसायचं, हे सांगणारा तुमचा तोच थर. नवा फोटो उद्या पुन्हा काढता येईल. 2014 चा नाही. आणि जे सभासद फिरकत नाहीत त्यांचे फोटो न विचारता काढणं मला पटत नाही. त्यातले काही आता या जगातही नसतील, त्यांच्या घरच्यांना ते फोटो हवे असतील. गावात माणसं एकमेकांना ओळखतात, हे प्रकरण जागेपुरतं राहत नाही.

मर्यादा घालायची तर पुढे येणाऱ्यावर घाला, आणि ती एमबीत सांगू नका. गटातल्या काका-मावशींना एमबी कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नको. 'एका नोंदीला तीन फोटो' हे सगळ्यांना कळतं. एकाच खंड्याचे एकाच फांदीवरचे तीस फोटो येतात तिथेच खरी गळती आहे. तीन निवडताना माणूस जरा बघतो, आणि नोंदीचा दर्जाही सुधारतो. अवघड ओळखीसाठी जास्त लागले तर संयोजकाने परवानगी द्यावी, नियमाचा बाऊ नको.

हलवलेल्या मूळ फाइली ठेवायच्या कुठे? ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे भाड्याची ऑनलाइन साठवण, हा सरळ मार्ग. बॅकब्लेझ बी2 आणि क्लाउडफ्लेअर आर2 या दोन्हीकडे पहिले 10 जीबी फुकट आहेत, पुढेही दर फार नाही, आणि तुमच्या मूळ फाइली साधारण त्याच घरात बसतात. पण खातं कोणा एकाच्या कार्डावर नको. कार्डाची मुदत संपते, माणूस पुण्याला मुलाकडे जातो, सूचनांचे ईमेल कोणी वाचत नाही, आणि एक दिवस खातं बंद. दोघांकडे पासवर्ड, दोघांना ईमेल.

निव्वळ फुकटच्या जागेवर एकमेव प्रत ठेवू नका. फोटोबकेटने 2017 मध्ये बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायला वर्षाला 399 डॉलर मागायला सुरुवात केली आणि जगभरच्या हौशी गटांची जुनी पानं एका फटक्यात फोटोविना झाली. फ्लिकरने 2018 मध्ये फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 ला संपली. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त होस्टिंगलाही भुलू नका. तिथे जीबी मोजत नाहीत, फाइलींची संख्या मोजतात, आणि एका फोटोच्या आठ फाइली करणाऱ्या वर्डप्रेसला ती मर्यादा लवकर लागते.

विकिमीडिया कॉमन्सचा विचार जरूर करा, पण गोदाम म्हणून नाही. निवडक, चांगले, नाव पक्कं झालेले फोटो, तेही फोटोग्राफरने स्वतः मुक्त परवान्याला होकार दिला तरच.

आणि एक प्रत डोळ्यांसमोर असलेल्या हार्ड डिस्कवर. आपल्या हवेत हे जरा सांभाळून. खारी दमट हवा यूएसबीच्या टोकांना गंज चढवते, पावसाळ्यात चार महिने कपाटात पडलेली डिस्क गणपतीत लावायला जावं तर ओळखच देत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. शिवाय ती डिस्क किनाऱ्याच्या या पट्ट्यातच असली तर काय उपयोग? 3 जून 2020 चं निसर्ग वादळ दापोलीकरांना सांगायला नको, आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरची दुकानं, कचेऱ्या संगणकांसकट बुडाली. दोन डिस्क घ्या. एक गावात, एक मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतातच, एकाने जुनी आणायची आणि नवी भरलेली न्यायची. वर्षातून दोनदा बिनबोभाट होणारी एवढी खात्रीची वाहतूक दुसरी नाही. डिस्क एन्क्रिप्ट करा, त्यात सभासदांचे ईमेल आणि घरट्यांची ठिकाणं आहेत.

आता बेरीज. 37 मधून बॅकअपचे 9, लॉगचे 4 आणि फोटोंचे किमान 8 गेले की राहतात 16. नवा फोटो सात एमबीऐवजी 1 एमबीच्या आत बसला तर महिन्याची भर 1 जीबीवरून दोनशे एमबीच्या आसपास येते. गट दुप्पट झाला तरी बरीच वर्षं सर्व्हर बदलायला नको. त्यानंतर खरोखरच भरला तर पैसे घालून मोठी डिस्क घ्या. साफसफाईत रविवार घालवणाऱ्या माणसाच्या वेळेलाही किंमत आहे, आणि तो माणूस कंटाळून गेला तर डिस्क कितीही मोठी असून उपयोग नाही.

एक छोटी युक्ती. साफसफाई झाली की 1 जीबीची एक रिकामी, निरुपयोगी फाइल बनवून ठेवा, 'एफॲलोकेट' ने क्षणात होते. ऐन गणपतीत डिस्क भरलीच तर ती उडवायची, सर्व्हर लगेच श्वास घेतो आणि शांतपणे कारण शोधायला वेळ मिळतो. शिवाय डिस्क 80 टक्क्यांवर गेली की दोघांना ईमेल जाईल अशी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या कार्यक्रमात, सोय करा.

काम जूनच्या आत उरका. पाऊस सुरू झाला की बेडूक, अळंबी आणि सड्यावरची फुलं एकदम येतात आणि 1 जीबी पहिल्याच पंधरवड्यात संपेल. आज रात्री 'डीएफ', लॉगच्या फोल्डरवर 'डीयू' (फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी आज्ञा) आणि बॅकअप फोल्डरची तारखांसकट यादी, एवढं काढून मला पाठवा. त्या यादीतली सगळ्यात मोठी फाइल कुठल्या तारखेची आहे ते बघितलं की तुमचा शेवटचा पूर्ण बॅकअप कधीचा, किंवा कधी झालाच नव्हता का, ते सांगता येईल. तोवर काहीही पुसू नका, जर्नल सोडून.